कपाट नावाची गाडी

आमची गाडी दिसायला वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. मला डोळे आहेत. नाक चपटं, बंद दारावर आपटलेल्या माणसासारखं. छप्पर इतकं उंच की आत उभं राहून वेणी घालता येते. चाकं मात्र एवढीशी, दुसऱ्या कुणाची उसनी आणल्यासारखी. रंग पिवळाही नाही नि करडाही नाही. मळखाऊ म्हणतात तो. आधीचा मालक बेकरीवाला होता. विकताना त्यानं अंगावरची अक्षरं रंगवून टाकली, पण ऊन पडलं की ती खालून वर येतात आणि सरकत्या दारावर 'रोज ताजे' असं स्वच्छ वाचता येतं. त्या दाराच्या आत माझे पंचाहत्तर वर्षांचे वडील बसतात.

गल्लीत तिला 'कपाट' म्हणतात. नाव माझ्या लेकीनं ठेवलं, नावं बाकीच्यांनी ठेवली. समोरची शिक्षिकाबाई मला एकदा म्हणाली, "तुम्ही इतके सुंदर कपडे शिवता आणि गाडी अशी कशी हो निवडली?" मी म्हटलं, "कपडे निवडते तशीच. माप घेऊन." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. नवरा बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने पाण्यावर. घरचं घेणं-विकणं सगळं मीच बघते. ही गाडी मी गळ्यात टेप अडकवून बघायला गेले होते. बेकरीवाला इंजिनाचं कौतुक सांगत होता आणि मी गुडघ्यांवर बसून जमिनीपासून सीटपर्यंतचं माप घेत होते. सव्वीस इंच. मग दाराची रुंदी, मग आतली लांबी. मापांच्या वहीत बाबांचं पान उघडलं आणि ताडून पाहिलं. बेकरीवाला म्हणाला, "बाई, गाडीला झंपर शिवताय का?" मी म्हटलं, "नाही, झंपर मिळालाय. आता माणूस बसतोय का बघते."

बाबांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या खुर्च्यांच्या कारखान्यात फळ्यांची थप्पी त्या गुडघ्यावर कोसळली. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा कायमचा सरळ बसवून. तेव्हापासून तो पाय कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा. असा माणूस साध्या गाडीत कसा बसतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. एक जण खांदे धरतो, एक जण पाय. "डोकं खाली घ्या, अहो, जरा वाकवा ना पाय!" वाकत नाही म्हणून तर हा सगळा तमाशा! रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. बाबा डोळे मिटून घ्यायचे. पुढे पुढे त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. दोन वर्षं हा माणूस खिडकीत बसून होता.

मग कपाट आलं. ड्रायव्हरशेजारची सीट मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. बाबा सरकत्या दाराकडे पाठ करून उभे राहिले, मागे टेकले, आणि सीट त्यांना जिथे हवी तिथेच होती. वरचा दांडा धरला, अंग फिरवलं, आणि तो आडमुठा पाय पुढच्या रिकाम्या जागेत सरळ जाऊन पडला. कुणाचा हात लागला नाही. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. आतून म्हणाले, "चल की, कशाची वाट बघतेस?" मी बाहेर उभी राहून रडत होते, ते त्यांना दिसलं नाही हे बरं झालं.

बाबा खुर्च्या करणारे सुतार. पन्नास वर्षं त्यांनी खुर्च्याच केल्या. कारखाना आता त्यांच्या शिष्याकडे आहे, पण तिथला रिवाज तोच: मास्तर बसून उठल्याशिवाय खुर्ची बाहेर जात नाही. दर गुरुवारी मी त्यांना कपाटातून तिथे सोडायची. आठवड्याच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. बाबा एकेकीवर बसायचे, पुढच्या कडेखालून तळवा फिरवायचे, मग हात मांडीवर ठेवून उठायचे. उठताना खुर्चीच्या हाताला धरावं लागलं तर खुर्ची परत. "ज्या खुर्चीतून मी उठतो, तिच्यातून कुणीही उठेल," असं ते म्हणायचे. त्या दिवशी घरी येताना त्यांच्या अंगाला लाकडाचा वास यायचा आणि रात्री ते दोन घास जास्त जेवायचे. बस, माझ्या दृष्टीनं गाडीचं सगळं सौंदर्य एवढ्यात आलं.

पण माझ्या धाकट्या भावाला ते दिसेना.

धाकटा एका मालवाहतुकीच्या कंपनीत मोठ्या पदावर आहे. वाईट नाही तो. फक्त त्याला लोक काय म्हणतील हे लोकांच्या आधी ऐकू येतं. आम्ही त्याच्याकडे गेलो की तो फाटकातूनच म्हणायचा, "ताई, गाडी जरा मागच्या गल्लीत लाव ना, इथे वळायला अडचण होते." वळायला कसली अडचण! हत्ती वळला असता तिथे. मी मूग गिळून मागच्या गल्लीत लावायची, कारण चढणं-उतरणं बाबांना कुठेही जमत होतं.

बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला तो गाडी घेऊन आला. नवी, रुपेरी, लांबसडक, जमिनीला चिकटलेली. शेजारीपाजारी जमले. धाकट्यानं बाबांच्या हातात किल्ली ठेवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. कपाट बाबांच्या नावावर होतं. कागद धाकट्यानं बरोबरच आणले होते आणि बाबांनी सही केली. "ते धूड मी घेऊन जातो," तो म्हणाला. "सुट्या भागांसाठी घेणारा एक जण भेटलाय. तोवर आमच्या यार्डात राहील."

आणि मी काय केलं? आयुष्यभर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी मी, त्या दिवशी टेप खुंटीवर ठेवून गप्प उभी राहिले. भेट म्हणून आलेल्या वस्तूला टेप कुठे लावायची, असं वाटलं. चारचौघांत भावाचं मन मोडायचं धाडस झालं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

मग बाबांना नव्या गाडीत बसवलं. धाकट्यानं खांदे धरले, शेजारच्यानं कंबर, मी पाय. बाबांचं डोकं छपराला आपटलं. टाच दारात अडकली. शेवटी ते तिरके आत गेले, पाय दोन सीटच्या मधून वर उचललेला, टोपी मांडीवर पडलेली. धाकट्यानं वाकून विचारलं, "कशी आहे, बाबा?"

"छान आहे," बाबा म्हणाले.

त्या गुरुवारी बाबा म्हणाले, "आज नको, जरा कणकण आहे." पुढच्या गुरुवारी म्हणाले, "कंटाळा आलाय गं. किती दिवस बसायचं लोकांच्या खुर्च्यांवर?" मी कामात होते, कुणाच्या तरी साखरपुड्याचे कपडे द्यायचे होते, आणि रुपेरी गाडीत कापडाचे तागे मावत नाहीत म्हणून माझा वेगळाच संताप चालला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं.

मंगळवारी शिष्याचा फोन आला. बाबांनी तो माझ्यासमोरच घेतला.

"मास्तर, एकवीस खुर्च्या थांबल्यात," पलीकडून मला ऐकू आलं. "काय करू?"

"पाठव," बाबा म्हणाले. "डोळ्यांनी बघून पाठव."

माझ्या हातातली सुई थांबली. डोळ्यांनी बघून! ह्याच माणसानं मला लहानपणी शिकवलं होतं की खुर्ची डोळ्यांना दाखवायची नसते. मी उठले. टेप घेतली, खाली गेले आणि रुपेरी गाडीचं माप घेतलं. सीटची उंची सतरा इंच. आतली लांबी बाबांच्या पायापेक्षा सात इंचांनी कमी. वही आणून त्यांच्यापुढे उघडी ठेवली.

बाबांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पोरानं प्रेमानं दिलंय. शिवलेलं उसवू नकोस."

"बाबा, खरं सांगा."

"काय खरं सांगू?" ते एकदम चिडले. "मला घडी घालून ठेवतात त्यात! उतरवताना तीन माणसं लागतात. कारखान्यात त्या पोरांच्या समोर मी असा उतरू? आणि मग त्यांच्या खुर्च्यांना नावं ठेवू?" मग आवाज खाली आला. "गुरुवारी त्याच्या ऑफिसात कार्यक्रम आहे. शाखेचा मुख्य झालाय तो. नव्या गाडीतून या म्हणाला. त्याला मी सकाळी कळवीन, बरं वाटत नाही म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्यावर गेली, माझ्यावर गेली, त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या गल्लीवर गेली. पोराच्या मोठेपणाच्या दिवशी बाप घरात बसणार, आणि का, तर गाडी चांगली दिसते म्हणून!

बुधवारी दुपारी मी त्याच्या यार्डात रुपेरी गाडी घेऊन गेले. ट्रक उभे होते, हमाल खोकी चढवत होते, आणि पार मागे भिंतीशी आमचं कपाट धूळ खात उभं होतं. कुणीतरी बोटानं धुळीत 'भंगार' असं लिहून ठेवलं होतं. मी ते हातानं पुसलं.

धाकटा धावतच आला. "ताई, इथे कशाला आलीस? आणि गळ्यात ती टेप काय?"

"कपाटाची किल्ली दे."

"अगं, ती परवा जाणार. बोलणं झालंय माझं."

"मग मोड बोलणं."

त्यानं मला खोक्यांच्या आड ओढलं. "हळू बोल ना! नवी गाडी दिलीय की. बाबाच म्हणाले छान आहे. तू होतीस ना तिथे?"

"होते. तेच चुकलं."

"लोक हसतात, ताई. उद्या वरचे साहेब येणार आहेत. बाबा काय बेकरीच्या गाडीतून उतरणार? मला त्यांना मानानं आणायचंय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच बाबांना मानानं आणायचं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग येत होता. शत्रूला चार शब्द सुनावता येतात. आपलेच दात आपलेच ओठ, तिथे काय करायचं?

"बाबा उद्या येणार नाहीत," मी म्हटलं. "सकाळी तुला फोन येईल, बरं वाटत नाही म्हणून. ते खोटं असेल."

त्याचा चेहरा पडला. "का पण?"

"बसून दाखव मला त्या गाडीत. बाबांसारखं."

"त्यात काय!" तो म्हणाला. धाकट्याचा हा स्वभाव मला पाळण्यापासून ठाऊक आहे.

माझ्या पिशवीत दोन लाकडी फूटपट्ट्या होत्या आणि अस्तराच्या लांब पट्ट्या. मी त्याच्या उजव्या गुडघ्याच्या दोन बाजूंना फूटपट्ट्या लावल्या आणि अस्तरानं करकचून बांधल्या. साहेबांच्या इस्त्रीच्या पॅंटीचा पार चोळामोळा झाला. हमालांनी खोकी खाली ठेवली. धाकटा लंगडत गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि पाठमोरा बसायला गेला. सीट इतकी खाली की तो धपकन आत पडला आणि बांधलेला पाय दाराबाहेर तोफेसारखा वर उभा राहिला. एक हमाल फिस्सकन हसला. "हसतोस काय रे!" धाकटा आतून ओरडला. पाय आत घ्यायला गेला तर टाच अडकली. सीट मागे सरकवली, तरी अडकली. शेवटी तो आडवा झाला, डोकं पलीकडच्या दाराला, हात स्टिअरिंगवर, आणि पाय कसाबसा आत आला.

"बसलो!" तो धापा टाकत म्हणाला.

"शाब्बास. आता बाहेर ये."

दोन मिनिटं त्याची धडपड चालली. टेकू द्यायला पाय नाही, उचलायला उंची नाही. मानेवर घाम आला. मग त्यानं हात पुढे केला. "हात दे, ताई."

मी लगेच दिला नाही. हो, दुष्टपणा केला. म्हटलं, "तुला हात मागावा तरी लागला. बाबांना न मागताच तिघांनी धरलं होतं. आणि ते छान आहे म्हणाले, कारण तू विचारलंस."

मग हात दिला. तो बाहेर आला आणि तिथेच सिमेंटवर बसून गाठी सोडायला लागला. माझ्या गाठी त्याला सुटेनात. वर न बघता म्हणाला, "मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"आपण टाळ्या वाजवत होतो," मी म्हटलं. "त्यात कोण काय सांगणार?"

त्यानं खिशातून कपाटाची किल्ली काढली. देता देता मुठीत धरून ठेवली. "ने. ही रुपेरी मी वापरीन. पण एक ऐक ताई, उद्या मागच्या गेटनं आण त्यांना. एवढंच."

"पुढच्या गेटनं आणीन," मी म्हटलं आणि किल्ली त्याच्या मुठीतून काढून घेतली.

गुरुवारी सकाळी कपाट दारात बघून बाबा पुढे झाले. सीटवर दोनदा थापटलं आणि चढले. कारखान्यात एकवीस खुर्च्या ओळीनं उभ्या होत्या. शिष्यानं एकही पाठवली नव्हती. "डोळ्यांनी बघितल्या मास्तर, पण धीर झाला नाही," तो म्हणाला. बाबांनी त्याला दोन शिव्या दिल्या आणि कामाला लागले. दोन खुर्च्या परत केल्या. एकीची कड मांडीला बोचत होती, दुसरी मागे जास्त कललेली होती. दुपारपर्यंत त्यांच्या सदऱ्यावर भुसा बसला होता.

"घरी जाऊन कपडे बदलू का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला बदलायचेत?"

त्यांनी सदरा झटकला. "नाही. चल, पोरगं वाट बघत असेल."

धाकट्याच्या ऑफिससमोर पाहुण्यांच्या गाड्या धुऊनपुसून एका रांगेत उभ्या होत्या. आमचं कपाट दिसताच पहारेकरी हात हलवत पुढे आला. "माल मागच्या गेटनं! मागच्या गेटनं!"

मी काच खाली केली. "माल नाही. नव्या मुख्य साहेबांचे वडील आहेत."

तो गाडीकडे बघत राहिला, आणि मी रांगेच्या बरोबर मधोमध, पायऱ्यांसमोर गाडी उभी केली. ऊन थेट दारावर होतं. 'रोज ताजे' कधी नव्हे इतकं ठळक दिसत होतं. पायऱ्यांवरचा कुणीतरी मोठ्यानं म्हणाला, "चला, पाव आला!" आणि दोघं-तिघं हसले.

बाबांनी आतून दार सरकवलं. हसणाऱ्यांकडे नीट बघितलं, घाई न करता. दांडा धरला. अंग फिरवलं.

धाकटा पायऱ्या उतरून आला. नवा कोट, चेहरा पांढराफटक. गाडीजवळ येताच सवयीनं त्याचे दोन्ही हात पुढे झाले. मग ते थांबले. त्यानं ते मागे घेतले, पाठीमागे एकमेकांत धरले, आणि तसाच उभा राहिला, बक्षीस घ्यायला बोलावलेल्या शाळकरी पोरासारखा. बाबांचा सरळ पाय बाहेर आला, काठी जमिनीला लागली, आणि ते उठले. स्वतः. वेळ लागला, लागू दे. पायऱ्यांवर आता कुणी हसत नव्हतं.

"आलो रे," बाबा म्हणाले. "जरा उशीर झाला. एकवीस खुर्च्या तुंबल्या होत्या."

धाकटा एक पाऊल पुढे आला. "बाबा, पुढच्या गुरुवारी मी नेतो तुम्हाला."

"कशातून?" बाबांनी विचारलं.

ते मुद्दाम विचारलं होतं, हे मला कळलं, धाकट्यालाही कळलं. तो गाडीकडे बघेना, माझ्याकडे बघेना. मग त्यानं मान वर केली आणि वळून, पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"कपाटातून."

"मग वेळेवर ये," बाबा म्हणाले आणि काठी टेकत पायऱ्यांकडे निघाले.